पतंगगाडीची फळी

धाड गावच्या वेल्डिंगवाल्याचा फोन आला, "गाडी झाली वहिनी, घेऊन जा." मी रोपांना पाणी द्यायचं अर्ध्यावर सोडलं आणि जीप पकडली. देऊळघाटला आमची रोपवाटिका आहे, मिरची, वांगी, टमाट्याची. त्या दिवशी वांग्यांना माझ्यापायी दुपारपर्यंत तहानलेलं राहावं लागलं.

दुकानापुढे वखर, डवरे आणि पेरणीयंत्रांच्या रांगेत माझी तीनचाकी उभी होती. निळा रंग सांगितला होता, निळाच दिला होता. पुढचं चाक पायांनी वळवायचं असतं, ते सुरेख वळत होतं. बसायची पट्ट्यांची झोळी जमिनीपासून वीतभर उंच, तीही मापात. पण झोळीच्या पाठीमागे, मागच्या दोन चाकांच्या मधोमध, लोखंडी चौकटीत पक्की बसवलेली बाभळीची एक आडवी फळी होती. ती मी सांगितली नव्हती.

"हे काय आहे?"

"फळी हाय."

"ते दिसून राह्यलं मले. पण कायले?"

चाकं कशाला लावली असं मी विचारावं, तसा तो माझ्याकडे बघत राहिला. "मंग मागं मानूस कुठी बसन, वहिनी?"

माणूस भला आहे. आयुष्यभर त्यानं शेतीची औजारं केली. पेरणीयंत्राच्या मागे एक फळी असते; तिच्यावर कुणीतरी उभं राहतं किंवा बसतं, बियाण्याची नळी तुंबत नाही ना ते बघतं आणि यंत्राला वजनही होतं. मागे माणसाची जागा नसलेलं चाकाचं काही त्याच्या दुकानातून कधी बाहेर पडलंच नसावं. मी कागदावर सगळी मापं लिहून दिली होती. त्यात फळी नव्हती, तेव्हा बाई विसरली असेल असं धरून त्यानं माझी चूक आपल्या परीनं सुधारली होती.

माझा स्वभाव तापट. शेजारच्या टपरीवर चहा पिणारे कप हातात धरून थांबतील एवढ्या आवाजात मी त्याला सांगितलं, की ही गाडी ट्रॅक्टर ओढत नाही, पतंग ओढतो. हिच्यात पेरायचं काही नसतं. एकच माणूस बसतो, आणि गिरकी घेताना मागे हे लाकूड असलं तर त्याची पाठ सोलून निघेल. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग वेल्डिंग कापलं, भोकं पाडली आणि फळी चार बोल्टांवर घेतली. "काढता येते, लावता येते," तो म्हणाला. "पन जागा लागतेच, वहिनी." टेम्पोत गाडी चढवली तेव्हा सुटी केलेली फळी आणि बोल्टांची पिशवी त्यानं माझ्या डोळ्यांदेखत आत टाकली. मी भांडून दमले होते, राहू दिली.

आता ही पतंगगाडी आमच्याकडे आली कशी, ते सांगायला पाहिजे. सहा-सात वर्षांपूर्वी वरच्या माळावर एक माणूस वारा मोजायला आला होता. त्यानं उंच खांब उभारून वर फिरत्या वाट्या लावल्या होत्या. तिथे पवनचक्क्या होणार होत्या, त्या काही झाल्या नाहीत. त्याच्या जनरेटरचं वायंडिंग जळालं म्हणून तो माझ्या नवऱ्याकडे आला. नवऱ्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. तेव्हा त्याच्या जीपमध्ये आम्ही ही वस्तू पहिल्यांदा पाहिली. दोन गोधड्या जोडाव्यात एवढा कापडी पतंग, आत कप्पे, वाऱ्यानं फुगणारा. त्याच्या चार दोऱ्या एका आडव्या दांड्याला बांधलेल्या. दांडा हातात धरून गाडीत बसायचं. दांडा जवळ ओढला की पतंग जोर धरतो, पुढे ढकलला की सैल पडतो. उन्हाळ्यात जवळच्या धरणाचं पाणी मागे सरकलं की मोकळ्या पडणाऱ्या गाळाच्या सपाटीवर तो दर रविवारी यायचा. आम्ही बघायला जायचो. मग त्यानं आम्हाला शिकवलं. बदली झाली तेव्हा सामानात मावेना म्हणून जुना पतंग आणि वाकलेली गाडी आमच्याकडे ठेवून गेला.

बोलताना मी नवऱ्याला 'तुमी' म्हणते, मनात 'तो'. इथे मनातलंच लिहिते आहे.

तो सरळ जाणारा. पतंग एका जागी स्थिर धरायचा, गाडीनं रेघ धरली की धरणाच्या भिंतीपर्यंत ती सोडायची नाही, आणि मोबाईलमध्ये वेग किती झाला ते बघून गालातल्या गालात हसायचं. मला सरळ जाण्याचा कंटाळा येतो. मला गिरकी पाहिजे, उलटं घसरत जायला पाहिजे, एक चाक उचलून दोन चाकांवर चालायला पाहिजे. सासूबाई म्हणायच्या, "हे पोरगी लहानपनी काही खेळलीच नाई वाटते." खरंच होतं ते. आमच्याकडे मैदानाच्या काठावर बाई बसते आणि पुरुष काय करतो ते बघते. मीही बैलांच्या शर्यतींचा शंकरपट बघितला, कबड्डी बघितली, सगळं काठावरूनच. या गाडीत मी चाळिशीला टेकल्यावर पहिल्यांदा मधे गेले, आणि मला मधे नेऊन बसवलं ते माझ्या नवऱ्यानं. लोक हसत होते तेव्हा पतंगाची कड हातात धरून तो उभा होता. हे मी विसरत नाही.

एका थंडीत आम्ही कच्छकडच्या खारट मैदानावर जाऊन आलो. अशा गाड्या चालवणारे हौशी लोक तिथे जमले होते, त्यांनी आम्हाला आपापल्या गाड्यांत बसवलं. तिथे कळलं की आमची जुनी गाडी ना धड इकडची होती ना तिकडची. शर्यतीची गाडी लांब, रुंद, जड आणि जमिनीला टेकलेली. तिच्यात माणूस जवळजवळ आडवाच होतो. वारा कितीही आडवा ओढो, तिची रेघ हलत नाही. मात्र वळायला अर्धं शेत लागतं. नवरा तिच्यातून उतरला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कसरतीची गाडी आखूड, अरुंद, हलकी. बकरीच्या पिलासारखी जागच्या जागी उडते, पण वेग वाढला की पुढचं चाक थरथरतं आणि वारा जोरात आला की मागची चाकं आडवी घसरत जातात. त्यातून मी उतरायलाच तयार नव्हते. तिथल्या एका म्हाताऱ्या शौकिनाला मी विचारलं, एकाच गाडीत दोन्ही जमत नाही का? तो म्हणाला, "दोनों चाहिए तो दो ले लो, बहनजी."

दोन गाड्या आम्ही घेतल्या नाहीत. जुनीवरच चालवलं. गेल्या वर्षीच्या चैत्रात त्या जुनीनं दगा दिला.

दगा गाडीचा म्हणते आहे, पण त्या दिवशी बोलले मी होते. तो नेहमीसारखा सरळ जाऊन सरळ परत येत होता. मी गमतीनं ओरडले, "नुसतं सरळ काय जाऊन राह्यले तुमी? एक गिरकी घ्या ना. भेव लागते काय?" काठावर चार लोक होते, ते हसले. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि गिरकी घेतली. पुढचं चाक धरणारा चिमटा जोडाजवळ गंजला होता, आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. चाक गाळाच्या भेगेत गेलं, चिमटा मोडला आणि तो खांद्यावर आपटला. उजव्या खांद्याचं पुढचं हाड मोडलं. तीन महिने हात गळ्यात.

त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, मी भांडून मोकळी झाले असते.

हाड जुळलं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी फिल्म बघून सांगितलं, आता सगळं करा. दुकानात तो पूर्वीसारखा जड मोटरी उचलायला लागला. पण पतंगाचं नाव काढलं की तारेचे वेढे मोजत बसायचा. एकदा मीच विषय काढला, की नवी गाडी करू या. मान वर न करता म्हणाला, "तुले पायजे तशी कर. लहानी कर, गिरक्यांची. मी येत जाईन संगं, बसीन काठावर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि लगेच रडूही आलं. मला तो काठावर नको होता. त्यानं काठावर बसायचं आणि मी मधे गिरक्या घ्यायच्या, तेही मीच त्याला पाडलेलं असताना? मग ती गाडी मला नकोच होती. तसं त्याला म्हणता येईना. म्हणून मी ठरवलं की दोन्ही करणारी गाडी करायची. कसरतीची आणि शर्यतीचीही. त्याची सरळ रेघ तिच्यात असली तर तो कधी ना कधी बसेल.

तो हिवाळा मी टेप आणि वहीत घातला. रोपांच्या ट्रेमध्ये बी टाकताना डोक्यात मापंच. गाडीची लांबी मधली ठेवली. पुढच्या चिमट्याला दोन भोकं: मागच्या भोकात बसवला तर गाडी आखूड, पुढच्यात लांब. मागच्या दोन चाकांमधला दांडा दोन मापांत, एक अरुंद, एक रुंद, चार नटांवर बदलता येईल असा. चाकं बांधकामाच्या हातगाडीची, जाड, म्हणजे भेगेत शिरणार नाहीत. त्या चाकांपाशी मी बराच वेळ अडले होते, कारण बारीक चाक जास्त पळतं. पण भेग मला अजून दिसत होती. वजनाचा प्रश्न सगळ्यात अवघड. कसरतीला गाडी हलकी पाहिजे, शर्यतीला जड. ते मी वखरावरून सोडवलं. वखर जमिनीत धरत नसला की आपण त्याच्यावर धोंडा ठेवतो. गाडी हलकी करायची आणि शर्यतीच्या दिवशी धोंडे ठेवायचे. हे सुचलं त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

पाय टेकवायच्या खुंट्यांचं अंतर मात्र माझ्या पायांचं घेतलं नाही. एका दुपारी तो जेवून आडवा झाला होता, तेव्हा टेप लावून कमरेपासून टाचेपर्यंत त्याचंच माप घेतलं. तो उठला नाही. किंवा जागा असेल, तरी बोलला नाही.

काही दिवसांनी रोपवाटिकेतल्या माझ्या टेबलावर पेपरात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. उघडलं तर आत चाकांचे बेअरिंग, नवे, ग्रीस भरलेले. संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, "त्या वेल्डिंगवाल्याच्या दुकानात काही चांगले राहत नाई. हे टाकाले सांग." त्या रात्री मी निश्चिंत झोपले. आता बसेल, असं वाटलं.

आणि मग गाडी आली ती फळी घेऊन.

वैशाखातला पहिला रविवार मी धरला. दुपार उतरली आणि पश्चिमेचा वारा धरणावरून सरळ वाहायला लागला. त्यानं टेम्पोतून गाडी उतरवली, पतंग पसरला, तो उडू नये म्हणून कडांवर गाळाची ढेकळं ठेवली, दोऱ्यांचा गुंता सोडवला, नटबोल्ट एकेक हलवून बघितले, पुढच्या चिमट्याचा जोड अंगठ्यानं दाबून दाबून बघितला. एवढं सगळं करून पाण्याची कॅन उचलली आणि काठावरच्या बाभळीखाली जाऊन बसला.

"तुमी बसा ना पहिले," मी म्हटलं.

"तू बस."

मी मागे अरुंद दांडा लावला होता. बसले आणि निघाले. खोटं कशाला सांगू, सगळं विसरले. गाडी सांगेन तिथे वळत होती. गिरकी घेतली, उलटी घसरले, एक चाक वर काढून भिंतीकडे गेले. घामानं पदर चिकटला होता आणि मी एकटीच मोठमोठ्यानं हसत होते. मग बाभळीकडे तोंड झालं तेव्हा तो दिसला. मांडी घालून, कॅन शेजारी, हात कपाळावर आडवा धरून बघत होता. अगदी मी शंकरपटात बसायची तसा. माझं हसू तिथेच गेलं.

मी उतरले. मागे रुंद दांडा लावला, चिमटा पुढच्या भोकात घेतला. त्याला नीट दिसेल असं, मुद्दाम, त्याच्याच रेघेवरून जायचं ठरवलं. पण वारा आता चढला होता. गाडी चार हात सरळ जायची आणि मग मागची चाकं फरफटत पतंगाकडे आडवी ओढली जायची. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. धोंड्यांची वेळ आली होती.

आणि तिथे माझी हुशारी उघडी पडली. गाळात धोंडा नसतो. नजर जाईल तिथवर भेगाळलेली सपाटी, खडाही नाही. दगड होते ते धरणाच्या भिंतीला लावलेले, आणि ते काढायला हात कुणाचा धजेल? गाळ भरायला एखादं पोतं आणलं असतं तरी भागलं असतं. वखरावर आपण धोंडा ठेवतो तो बांधावर पडलेला असतो म्हणून, एवढी साधी गोष्ट एका शेतकऱ्याच्या मुलीनं एवढ्या वह्या भरताना विसरावी. मी पतंग खाली पाडला आणि तिथेच उकिडवी बसले. हिवाळाभराची मापं, दोन दांडे, दोन भोकं, आणि शेवटी ती गिरक्यांचीच गाडी निघाली होती. म्हणजे त्याला काठावरच बसावं लागणार होतं.

तो केव्हा उठला ते मला कळलं नाही. मान वर केली तेव्हा तो टेम्पोकडून येत होता. एका हातात पाना, काखेत ती बाभळीची फळी.

"काय करून राह्यले?"

"वजन पायजे ना?" तो गुडघे टेकून बोल्ट बसवायला लागला. "धोंडे कुठून आनतं इथी. मी काय हलका हाय काय?"

मी एकेक बोल्ट त्याच्या हातात देत गेले. बोलले असते तर तो उठून गेला असता, अशी भीती वाटली. चारही बोल्ट त्यानं आवळले, फळीवर जोर देऊन बघितली आणि झोळीमागे बसला. दोन्ही हातांनी चौकट धरली. मी पुढे बसले, पतंग उचलला आणि दांडा ओढला.

गाडीनं जमीन धरली. मागची चाकं घसरली नाहीत, रेघ सुटली नाही. माझ्या मानेवर त्याचा श्वास लागत होता, तो जोरात चालला होता. भिंतीपर्यंत गेलो, रुंद वळण घेतलं, परत आलो. दुसऱ्या खेपेला, अर्ध्यावर, तो म्हणाला, "पतंग थोडा खाली घे." घेतला. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "उशिरा वळून राह्यली तू." मी काही ऐकून घेणारी बाई नाही, पण तेवढं ऐकून घेतलं. चौथ्या खेपेला भिंतीशी पोचलो, गाडी थांबली, पतंग वर स्थिर केला. तेव्हा मागून त्याचा हात माझ्या खांद्यावरून पुढे आला आणि त्यानं दांडा धरला.

"सर मागं," तो म्हणाला.

उठून मी फळीवर गेले. तो झोळीत बसला, पाय पुढे टाकले. खुंट्या त्याच्या पायांना बरोबर लागल्या. त्यानं एकदा खाली बघितलं, त्याला नवल वाटलं नाही; म्हणजे मी माप घेतलं त्या दुपारी तो जागाच होता. मी मागून त्याच्याकडे बघत होते. उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली आला आहे. वर्षभर एका घरात राहून मी ते बघितलं नव्हतं, बघायचं टाळत होते.

"धरलं काय?" त्यानं मागे न बघता विचारलं.

चौकट मी दोन्ही हातांनी धरली होती. वर्षभर जे म्हणायचं राहिलं होतं ते तोंडात आलं आणि जेवढं बाहेर निघालं तेवढंच म्हटलं.

"हाव, धरलं. सरळच जा तुमी."

त्यानं दांडा ओढला आणि तो सरळ गेला.